ओपनफोम कंपाइल होत नाहीये? शेवटची नाही, पहिली एरर शोधा

एप्रिल लागला की मला ज्युनियर्सचे फोन सुरू होतात. प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर, बाहेर नागपूरचं ऊन, अन् पोट्टं घामाघूम होऊन विचारतं, "दादा, ओपनफोम कंपाइलच नाही होऊन राहिलं." (ओपनफोम म्हणजे हवा-पाणी कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर, अन् कंपाइल म्हणजे लिहिलेल्या कोडपासून, म्हणजे सोर्सपासून, चालणारा प्रोग्राम बनवणं.) सोबत व्हॉट्सॲपवर फोटो. स्क्रीनशॉट नाही, लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो, त्यात ट्यूबलाइट चमकतेय, अन् खाली एकच ओळ दिसते: मेक, एरर १. आता त्या ओळीवरून मी काय सांगू बे? ती ओळ फक्त पेशंट गेला एवढंच सांगते, कशाने गेला ते तीनशे ओळी वर लिहिलेलं असतं.

दरवर्षी तेच ते सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. उदाहरणं बहुतेक ओपनफोमची, कारण आमच्याकडची मेकॅनिकलवाली पोरं त्याच्याच मागे असतात, कोणाला कूलरची हवा खोलीत कशी फिरते ते बघायचं असतं, कोणाला कोराडीच्या चिमणीचा धूर कुठं जातो ते. पण लॅम्प्स असो, कॅल्क्युलिक्स असो की डब्ल्यूआरएफ, अशी कुठलीही सिम्युलेशन सॉफ्टवेअरं सोर्समधून बिल्ड करताना फजिती सगळीकडे सारखीच होते.

आधी एक विचारतो, कंपाइल करायचंच आहे का? उबुंटू लिनक्सवर ओपनफोमचं तयार पॅकेज मिळतं, ॲप्ट या पॅकेज टाकायच्या कमांडने दहा मिनिटांत बसतं. स्वतःचा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, लिहायचा असला तरी अख्खं ओपनफोम बिल्ड करावं लागत नाही, बसवलेल्या पॅकेजच्या आधारावर फक्त तुमचा सॉल्व्हर डब्ल्यूमेक या ओपनफोमच्याच कमांडने कंपाइल होतो. ओपनफोमच्या कोअर कोडमध्येच हात घालायचा असेल, डीबग बिल्ड पाहिजे असेल किंवा कॉलेजच्या सर्व्हरवर रूट, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड मिळत नसेल तरच सोर्सच्या वाटेला जा. अर्ध्या पोरांचा फोन मी इथेच संपवतो.

दुसरं, तुमचं ओपनफोम कोणत्या घरचं आहे ते बघा. एक डॉट कॉमवालं, त्याच्या व्हर्जन व्ही२३१२, व्ही२४०६ अशा, म्हणजे वर्ष अन् महिना, जून आणि डिसेंबर असं वर्षातून दोनदा. दुसरं फाउंडेशनचं डॉट ऑर्गवालं, त्याचे साधे आकडे, १०, ११, १२. दोन्हींचा कोड आता इतका वेगळा झालाय की एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नवीनच भानगड उभी राहते. एक पोरगा दोन दिवस ११ च्या सूचना २३१२ वर चालवत होता, वरून म्हणे फाइलच सापडत नाही.

लॉग ठेवा, नाहीतर काहीच नाही

बिल्ड सुरू करताना आउटपुट फाइलमध्ये गेलंच पाहिजे. ऑलडब्ल्यूमेक (अख्खं बिल्ड चालवणारी स्क्रिप्ट) मायनस जे ४ (म्हणजे चार जॉब एकत्र), मग दोन, मोठ्याचं चिन्ह, अँपरसँड, एक, मग उभी रेघ, टी (टी-ई-ई ही कमांड), अन् फाइलचं नाव. मधलं ते दोन-मोठं-अँपरसँड-एक विसरू नका, एरर वेगळ्या वाटेने बाहेर येतात, ते नसेल तर फाइलमध्ये सगळी चांगली चांगली वाक्यं जमा होतात अन् एरर तेवढ्या स्क्रीनवरून वाहून जातात. आणि दोनाच्या अन् चिन्हाच्या मधे स्पेस द्यायची नाही.

मग लॉगमध्ये, म्हणजे त्या फाइलमध्ये, ग्रेप या शोधायच्या कमांडने, मायनस एन लावून "एरर कोलन" शोधा, अन् सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात लहान लाइन नंबरची जी येईल ती बघा. बाकीच्या सोडा. ओपनफोममध्ये एक लायब्ररी (बाकीच्या प्रोग्रामना लागणारा तयार कोडचा गठ्ठा) पडली तरी स्क्रिप्ट बरेचदा पुढे चालतच राहते, मग जी जी लायब्ररी तिच्यावर अवलंबून ती प्रत्येक रडते, असं करत करत चाळीस एरर जमतात. चाळीस एरर बघून माणूस घाबरतो, पण खरी एकच असते, बाकी एकोणचाळीस तिची पिल्लं.

चार-चार जॉब एकत्र चालत असले की आउटपुटची खिचडी होते, कोणती ओळ कोणत्या फाइलची तेच कळत नाही. अशा वेळी तीच कमांड मायनस जे १ ने परत चालवा. जे झालंय ते परत होत नाही, गाडी सरळ बिघडलेल्या फाइलवर जाऊन थांबते अन् खरी एरर समोर येते. ही एक युक्ती लक्षात ठेवली तरी माझे निम्मे फोन वाचतील.

आता ती एरर कोणत्या टप्प्याची ते ओळखा. टप्पे चारच: एन्व्हायर्नमेंट (टर्मिनलची सेटिंग), कंपाइल, लिंक (कंपाइल झालेले तुकडे लायब्ररींशी जोडणं), अन् रन. ओळखायला सोपं आहे. कमांड नॉट फाउंड असेल तर पहिला. एररमध्ये तुमच्या कोडच्या फाइलचं नाव अन् लाइन नंबर असेल तर दुसरा. अनडिफाइन्ड रेफरन्स, कॅनॉट फाइंड मायनस एल असं काही, किंवा कलेक्ट टू अन् एलडी अशी नावं दिसली तर तिसरा. बिल्ड झालं पण प्रोग्राम सुरूच होत नसेल तर चौथा. टप्पा चुकला की माणूस भलतीकडेच खोदत बसतो, लिंकरच्या एररसाठी हेडर (कोडच्या वर जोडायच्या डॉट एच फाइल) शोधणारे मी खूप बघितलेत.

पहिला टप्पा

हा पटकन उरकतो. डब्ल्यूमेक कमांड नॉट फाउंड म्हणजे ओपनफोमच्या ईटीसी फोल्डरमधली बॅशआरसी ही सेटिंगची फाइल सोर्स केलेली, म्हणजे याच टर्मिनलमध्ये लोड केलेली, नाही. सोर्स, स्पेस, फाइलचा पत्ता. ती फाइल नुसती रन करून उपयोग नाही, ती वेगळ्या शेलमध्ये चालते अन् तो शेल बंद झाला की सगळं विसरते. प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये हे करावं लागतं, म्हणून होम फोल्डरमधल्या स्वतःच्या बॅशआरसीत त्याचा एक एलियस, म्हणजे छोटं नाव, करून ठेवा. आणि एकाच टर्मिनलमध्ये आधी २३१२ अन् मग ११ असं सोर्स करू नका, पाथची भेळ होते.

फोल्डरच्या नावात स्पेस नको. "फायनल प्रोजेक्ट न्यू" असं फोल्डर करून त्यात ओपनफोम ठेवलं तर तुमचं नशीब. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, करत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. एकतर तिकडून काम हळू चालतं, अन् दुसरं म्हणजे विंडोजला कॅपिटल अन् स्मॉल अक्षरातला फरक कळत नाही, ओपनफोममध्ये तर व्हेक्टर डॉट एच नावाच्या दोन फाइल आहेत, एकीचा व्ही कॅपिटल अन् दुसरीचा स्मॉल, दोन्ही वेगळ्या. एकीवर दुसरी बसली की ज्या एरर येतात त्यांचा अर्थ कोणीच लावू शकत नाही. विंडोजमध्ये झिप उघडून मग लिनक्सकडे नेली तर बॅड इंटरप्रिटर असं येऊ शकतं, शेवटी टोपी अन् एम दिसतो. ते विंडोजच्या लाइन एंडिंगमुळे. लिनक्समध्ये परत डाउनलोड करा, मोकळं व्हा.

कंपाइल करतानाच्या एरर, इथे जरा थांबू

सगळ्यात कॉमन: फेटल एरर, एमपीआय डॉट एच, नो सच फाइल. म्हणजे एमपीआयचं (एक काम अनेक कोअरवर वाटून चालवायच्या व्यवस्थेचं) हेडर नाही. पोरगं म्हणतं, "पण दादा, ओपनएमपीआय तर टाकलं ना!" टाकलं, पण चालवायचं पॅकेज टाकलं. कंपाइल करायला हेडर लागतात अन् ती वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, त्याच्या नावाच्या शेवटी मायनस डेव्ह असतं. लिबओपनएमपीआय मायनस डेव्ह. झेडलिब डॉट एच नसेल तर झेडलिब१जी मायनस डेव्ह. प्रत्येक हेडरचं पॅकेज पाठ करायची गरज नाही, ॲप्ट-फाइल नावाचं टूल टाका, एकदा ॲप्ट-फाइल अपडेट करा, मग ॲप्ट-फाइल सर्च अन् हेडरचं नाव, ते सांगतं कोणत्या पॅकेजमध्ये आहे. फेडोरावाल्यांकडे याच पॅकेजच्या शेवटी डेव्हेल असतं.

पॅकेज टाकूनही तीच एरर येत असेल तर माझा पहिला संशय ॲनाकोंडा या पायथनच्या पॅकेजांच्या गठ्ठ्यावर. मशीन लर्निंगचा कोर्स केलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ते असतं अन् टर्मिनल उघडलं की बेस एन्व्हायर्नमेंट आपोआप चालू. त्याच्याजवळ स्वतःचं एमपीआय असू शकतं, स्वतःचं सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल), स्वतःचा लिंकर, सगळा वेगळा संसार. विच एमपीसीसी करून बघा, पत्ता यूएसआर बिनचा यायला पाहिजे. कोंडाचा आला तर कोंडा डीॲक्टिव्हेट, अर्धवट बिल्ड साफ करा, परत सुरू. साफ न करता पुढे गेलात तर अर्धा माल या दुकानचा अन् अर्धा त्या दुकानचा होतो.

मग येते "किल्ड". जीप्लसप्लस फेटल एरर, किल्ड सिग्नल, सीसी१प्लस. याला कोडशी काही घेणंदेणं नाही, रॅम संपली म्हणून लिनक्सने कंपाइलरला मारलं. सुडो डीमेसेज करून बघा, आउट ऑफ मेमरी लिहिलेलं सापडतं. ८ जीबीचा लॅपटॉप अन् पोरं मायनस जे १६ देतात, कारण कोणीतरी सांगितलं की जेवढे थ्रेड तेवढे द्यायचे. टेम्प्लेटने भरलेला सी प्लस प्लस कोड कंपाइल करताना एकेक जॉब एक जीबीच्या वर सहज जातो, त्यामुळे माझा हिशोब सोपा, दर जॉबला दीड-दोन जीबी धरा, ८ जीबीवर जे ४, त्यातही ब्राउझर बंद. तरी मरत असेल तर ८ जीबीची स्वॅप फाइल (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) करा: फॅलोकेट, सीएचमॉड ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, याच क्रमाने. डब्ल्यूएसएलवाल्यांनो, तुमच्या लिनक्सला मुळातच अर्धी रॅम मिळते, १६ ची मशीन आहे म्हणून खुश होऊ नका, डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये मेमरी वाढवून घ्या.

आता एक आपल्या इकडचं. इंटर्नल कंपाइलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट असं आलं तर तीच कमांड दोन-तीनदा परत चालवा. दरवेळी त्याच फाइलवर पडली तर कंपाइलरचा बग असू शकतो, व्हर्जन बदलून बघा. पण एकदा या फाइलवर, एकदा त्या फाइलवर अशी पडत असेल तर भाऊ, लॅपटॉप बघा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गादीवर लॅपटॉप ठेवून चार तास सगळे कोर फुल चालवले तर तो तरी काय करेल, आपणच त्या वेळी सीताबर्डीला जात नाही. टेबलवर ठेवा, खालून हवा लागू द्या, जॉब कमी करा, नाहीतर सरळ रात्री लावून झोपा. तरीही पडत असेल तर मेमटेस्टने रॅम तपासा.

आणि दुसरं आपल्या इकडचं, लाईट जाणं. उन्हाळ्यात वारा-वादळ आलं की लाईट गेली, डेस्कटॉप धप्पकन बंद. परत चालू करून बिल्ड लावलं की फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड किंवा फाइल ट्रंकेटेड. झालं असं की लाईट गेली तेव्हा जी डॉट ओ फाइल (कंपाइल झालेला तुकडा) लिहिली जात होती ती अर्धवट किंवा रिकामी राहिली, पण तिची तारीख सोर्सपेक्षा नवी, म्हणून मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या टूलला, वाटतं की हे काम झालेलं आहे, अन् तो तिला हातच लावत नाही. आमच्या लॅबमध्ये मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, कोड उलटापालटा करत बसलो, अन् फाइल शून्य बाइटची होती. प्रोजेक्ट फोल्डरमध्ये जाऊन फाइंड डॉट, मायनस नेम स्टार डॉट ओ कोट्समध्ये, मायनस साइज झिरो, मायनस डिलीट. डिलीट शेवटीच लिहायचं, आधी लिहिलं तर अटी न बघता सगळंच उडवतं. रिकामी नसून अर्धवट असलेली फाइल यात सापडत नाही, तिचं नाव एररमध्येच असतं, तिला हाताने काढा.

जुना कोड, नवा कंपाइलर

हे पोरांना पटतच नाही. "दादा, सिनियरच्या लॅपटॉपवर हाच कोड चालत होता." चालत असेल ना, त्याच्याकडे उबुंटू २०.०४ होतं, त्यात जीसीसी हा कंपाइलर, व्हर्जन ९. तुमच्या २४.०४ मध्ये १३ आहे. मधल्या काळात कंपाइलर कडक झाला, कोड तिथेच राहिला.

२०२० मध्ये जीसीसी १० आला अन् मल्टिपल डेफिनिशन ऑफ अमुक अशा एररचा पूर आला. जुन्या सी कोडमध्ये हेडरमध्येच ग्लोबल व्हेरिएबल लिहिलेले असायचे, एक्सटर्न न लावता, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये त्याची एकेक कॉपी, पूर्वी लिंकर गुपचूप सगळ्या एकत्र करायचा, आता नाही करत. घाईत असाल तर सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपाइलरला द्यायच्या सूचनांत, मायनस एफ कॉमन टाका, नीट करायचं तर हेडरमध्ये एक्सटर्न लावा. त्याच जीसीसी १० सोबतच्या जीफोरट्रान या फोरट्रानच्या कंपाइलरने टाइप मिसमॅच अन् रँक मिसमॅच या एरर सुरू केल्या, अन् जुने फोरट्रान कोड तर यात हमखास अडकतात, कारण तीच एमपीआयची सबरूटीन एका ठिकाणी इंटिजर देऊन बोलावलेली अन् दुसऱ्या ठिकाणी रिअल देऊन. फोरट्रानच्या फ्लॅगमध्ये मायनस एफ अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच टाका, पुन्हा वॉर्निंगवर येतं.

२०२३ च्या जीसीसी १३ मध्ये कंपाइलर यूइंट३२_टी हा टाइप ओळखीचाच नाही असं म्हणायला लागला. कारण एवढंच की सीएसटीडीइंट हेडर पूर्वी दुसऱ्या हेडरच्या मागून आपोआप यायचं, आता येत नाही, ज्या फाइलचं नाव एररमध्ये आहे तिच्या वरती ते इन्क्लूड करा, काम झालं. २०२४ च्या जीसीसी १४ ने सीमध्ये न सांगता वापरलेलं फंक्शन ही थेट एररच केली, पूर्वी नुसती वॉर्निंग होती. आणि २०२५ मध्ये सीमेक ४ आलं, त्याने ३.५ पेक्षा जुनी मिनिमम व्हर्जन लिहिलेले प्रोजेक्ट घेणंच बंद केलं. त्यावर तात्पुरता उपाय, सीमेकला मायनस डी लावून सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम ३.५ द्यायचं, शब्दांच्या मधे अंडरस्कोर, सगळं कॅपिटल.

एकेक फ्लॅग लावत बसायचा कंटाळा आला तर जुना कंपाइलर शेजारी बसवा, ॲप्टने जीप्लसप्लस मायनस ११ टाकलं तर नव्यासोबत तो पण राहतो. सीसी अन् सीएक्सएक्स या व्हेरिएबलमध्ये त्याचं नाव द्या. मी बहुतेक वेळा हेच करतो, दुसऱ्याचा दहा वर्षं जुना कोड आपण का सुधारायचा? फक्त एक, कंपाइलर बदलला की जुनं बिल्ड पूर्ण साफ.

लिंकर

कॅनॉट फाइंड मायनस एल स्कॉच आलं तर वाचायची रीत अशी: मायनस एलच्या पुढचं नाव घ्या, आधी लिब लावा, शेवटी डॉट एसओ. म्हणजे तो लिबस्कॉच डॉट एसओ (पॅरलल चालवायला जाळीचे भाग पाडणारी लायब्ररी) शोधतोय. परत तेच, डेव्ह पॅकेज. पण शोधलं जाणारं नाव ओपनफोमच्याच एखाद्या लायब्ररीचं असेल तर ती आधीच कुठेतरी पडलीय, लॉगमध्ये वर जा.

अनडिफाइन्ड रेफरन्सचा अर्थ हेडर मिळालं, लायब्ररी नाही मिळाली. स्वतःचा सॉल्व्हर लिहिताना हे ठरलेलं. मेक फोल्डरमधल्या ऑप्शन्स फाइलमध्ये दोन यादी असतात, ईएक्सई आयएनसी मध्ये हेडरचा पत्ता अन् ईएक्सई लिब्ज मध्ये लायब्ररीचं नाव, पोरं पहिलं लिहितात, कंपाइल झालं म्हणून नाचतात अन् दुसरं विसरतात. ओळीच्या शेवटी जी उलटी तिरपी रेघ असते ती एखाद्या ओळीवर राहिली तर खालचं सगळं वाचलंच जात नाही, हेही बघा. एररमधलं नाव अगम्य अक्षरांचं असेल तर ते सी प्लस प्लस फिल्टमधून काढा, फंक्शनचं माणसात बसणारं नाव मिळतं, त्यावरून लायब्ररी शोधता येते. स्वतःचा मेकफाइल असेल तर मायनस एल डॉट ओ फाइलींच्या नंतर आलं पाहिजे, आधी दिलं तर लिंकर ते बघून पुढे निघून जातो.

स्वतःची लायब्ररी बनवत असाल तर अजून एक गंमत. शेअर्ड लायब्ररी लिंक होताना काही फंक्शन मिळालं नाही तरी लिंकर बोलत नाही, बिल्ड हसतखेळत पूर्ण होतं, अन् सॉल्व्हर चालवल्यावर अनडिफाइन्ड सिंबॉल येतं. चूक बिल्डमधलीच, समजते मात्र रन करताना.

बिल्ड झालं, आता

एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज आलं तर एलडीडी करून सॉल्व्हरचं नाव द्या अन् नॉट फाउंड ग्रेप करा, कोण गायब आहे ते दिसेल. दहापैकी आठ वेळा बॅशआरसी सोर्स केलेली नसते. जीलिबसीएक्सएक्स अमुक व्हर्जन नॉट फाउंड म्हणालं तर परत कोंडा, मघाशीच सांगितलं.

मदत मागायची झाली तर पहिली एरर अन् तिच्या वरच्या वीस ओळी टेक्स्टमध्ये पाठवा, सोबत जीसीसीची व्हर्जन, उबुंटूची व्हर्जन, ओपनफोम कोणत्या घरचं, अन् नेमकी काय कमांड दिली ते. फोटो नको, हात जोडतो.

तपासायला आधी ट्युटोरियलमधला कॅव्हिटी चालवा, ब्लॉकमेश अन् मग आयकोफोम, २० बाय २० ची छोटीशी जाळी आहे, काही सेकंदांत एंड लिहून येतं. पण तेवढ्यावर पार्टी करू नका. एमपीआय सापडलं नसेल तरी ओपनफोमचं बाकीचं बिल्ड होतं, त्याच्या जागी एक डमी लायब्ररी बसते, अन् एका कोअरवर सगळं छान चालतं. म्हणून डॅमब्रेक हे ट्युटोरियल घ्या, डीकंपोझपार डिक्टमध्ये मेथड स्कॉच करा, सबडोमेन २ करा, ब्लॉकमेश, सेटफील्ड्स, डीकंपोझपार, अन् मग एमपीआयरन मायनस एनपी २ ने सॉल्व्हर, शेवटी मायनस पॅरलल. डमी पीस्ट्रीम (ओपनफोमची एमपीआयशी बोलणारी) लायब्ररी पॅरलल मोडमध्ये चालत नाही असं आलं तर अख्खं बिल्ड परत करायची गरज नाही, एमपीआयचं डेव्ह पॅकेज टाका, नव्या टर्मिनलमध्ये बॅशआरसी सोर्स करा, एसआरसी मधल्या पीस्ट्रीम फोल्डरमध्ये जा अन् तिथलं ऑलडब्ल्यूमेक चालवा. स्कॉचसाठी अशीच तक्रार आली तर पॅरलल फोल्डरमधल्या डीकंपोज फोल्डरमध्ये तेच. दहा मिनिटांचं काम, तेवढ्यात खाली जाऊन तर्री-पोहे खाऊन होतात.